एएमसी का सोडतात? पुण्यातल्या एका आरओ सर्व्हिस व्यवसायाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पूर्व भागात, नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, घरगुती आरओ मशीन विकणारा आणि त्यांची देखभाल करणारा हा व्यवसाय. मालक, ऑफिसात फोन घेणाऱ्या दोघीजणी, चार टेक्निशियन आणि एक गाळा, एवढाच पसारा. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि आकडे गोळाबेरजेत दिले आहेत.

या पट्ट्यातलं पाणी समजून घेतल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. वाघोलीसारखी गावं २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली, पण इमारती जितक्या वेगाने उभ्या राहिल्या तितक्या वेगाने नळ पोचले नाहीत. त्यामुळे कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर आहेत. दुसरीकडे भामा आसखेड योजनेचं पाणी जानेवारी २०२१ पासून पूर्व पुण्याला मिळू लागलं, तेव्हा काही सोसायट्यांचं पाणी एकदम बदललं. टीडीएस म्हणजे एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये. एकाच टेक्निशियनला सकाळी धरणाचं १२० टीडीएसचं पाणी भेटतं आणि दुपारी टँकरचं १,१०० चं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,०००.

व्यवसायाकडे वार्षिक देखभाल कराराचे, म्हणजे एएमसीचे, १,८०० ग्राहक होते. साधी एएमसी १,८०० रुपयांची: वर्षाला तीन सर्व्हिस, स्पन (सुरुवातीला गाळ अडवणारा फिल्टर) आणि कार्बन फिल्टर त्यात धरलेले. फुल एएमसी ४,२०० रुपयांची: मेम्ब्रेन (क्षार अडवणारा पडदा), पंप, अडॅप्टर सगळं आलं. साधीवाले १,३०० आणि फुलवाले ५००, म्हणजे वर्षाचं उत्पन्न ४४ लाखांच्या वर. शिवाय साध्या एएमसीवाल्यांना विकलेल्या पार्टचे महिन्याला दीड-पावणेदोन लाख. टेक्निशियनला पगाराशिवाय पार्टच्या किमतीवर दहा टक्के मिळायचे. ही दहा टक्क्यांची पद्धत या धंद्यात सर्रास आहे आणि या प्रकरणाच्या मुळाशी तीच आहे.

अडचण

मालकांना बराच काळ अडचण दिसलीच नाही, कारण एएमसीची एकूण संख्या हलत नव्हती. दोन वर्षं ती १,८०० च्या आसपासच होती. नवीन इमारती होत होत्या, महिन्याला पन्नासेक नवी मशीन बसत होती, दुसऱ्या कंपन्यांची मशीन वापरणारेही काही येत होते. खालून जेवढे जात होते तेवढे वरून भरत होते.

नव्या इमारतींच्या कामांचा वेग मंदावला तेव्हा ऑफिसमधल्या ताईंनी पहिल्यांदा वेगळा हिशोब मांडला: वर्षभरात किती जणांची मुदत संपली आणि त्यातल्या किती जणांनी पुन्हा पैसे भरले? १,८०० पैकी १,०४०. म्हणजे ५८ टक्के. ७६० घरं एका वर्षात सोडून गेली होती आणि तेवढीच नवी आणायला जाहिरात, सोसायटीतले स्टॉल, पहिल्या वर्षाची सवलत असा खर्च होत होता. सेवेच्या कोणत्याही धंद्यात एकूण ग्राहकसंख्येपेक्षा नूतनीकरणाचा हा आकडा आधी पाहायला हवा. एकूण संख्या फसवते.

मालकांचा पहिला अंदाज ‘दर’ हा होता. ऑनलाइन ९९९ रुपयांत एएमसी देणारे बरेच झाले होते, ग्राहक तिकडे जात असणार, असं त्यांना वाटलं.

कारणं शोधताना

सोडून गेलेल्या ६० जणांना फोन करायचं ठरलं. पहिल्या दिवशी ऑफिसमधून ठरलेला प्रश्न विचारला गेला: “एएमसी का रिन्यू केली नाही, सर?” उत्तरं अशी आली: “असंच”, “बघू पुढे”, “घरात ठरलं नाही अजून”. माणूस तोंडावर कटू बोलायला नको म्हणून सौम्य उत्तर देतो, आणि त्यातून हाती काही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला आणि फोन मालकांनी स्वतः केले: “आमचा माणूस तुमच्याकडे शेवटचा कधी आला होता? त्या दिवशी काय काय झालं?” कारण न विचारता घडलेली गोष्ट विचारली, तशी माणसं मोकळेपणाने बोलू लागली. ६० पैकी ४४ जण बोलले. १९ जणांनी सांगितलं की दिलेल्या वेळेला कुणी आलंच नाही, सुट्टी वाया गेली. १३ जणांना शंका होती की गरज नसताना पार्ट बदलला. ६ जण घर बदलून गेले होते. दर महाग वाटला म्हणणारे ४. उरलेले २ किरकोळ.

मशीन वाईट आहे असं जवळजवळ कुणीच म्हटलं नाही.

त्या १३ पैकी एका घराची हकिगत तपशिलात पाहण्यासारखी आहे. चौथ्या मजल्यावर राहणारे निवृत्त दांपत्य, तीन वर्षांचे जुने ग्राहक, टँकरवरची सोसायटी. मंगळवारी सकाळी काकांनी फोन केला: टाकी भरत नाही, पंप थोडा वेळ चालतो, बंद होतो, पुन्हा चालतो. ऑफिसने सांगितलं, “आज येतील, काका.” मंगळवारी कुणी आलं नाही. बुधवारी संध्याकाळी पावणेआठला टेक्निशियन आला, पाच मिनिटांत म्हणाला, “मेम्ब्रेन गेलाय, एकोणीसशे होतील.” काकांनी पैसे दिले. गुरुवारी टाकी पुन्हा अर्धीच. शनिवारी दुसरा टेक्निशियन आला, त्याने स्पनची बाटली उघडली, तर आतला पांढरा स्पन चॉकलेटी चिखल झालेला. १२० रुपयांचा स्पन बदलल्यावर मशीन पूर्ववत.

पंप चालू-बंद होतो हे लक्षण फोनवरच सांगितलं होतं. स्पन तुंबला की पुढे पाणी कमी पडतं, लो प्रेशर स्विच पंप तोडतो, दाब जमला की पुन्हा जोडतो. हे मेम्ब्रेनचं लक्षण नाहीच. शिवाय टीडीएस मीटर बुडवला असता तर आत येणारं पाणी १,०५० आणि गाळलेलं ७० दिसलं असतं, म्हणजे मेम्ब्रेन ९३ टक्के क्षार अडवत होता. तो धडधाकट होता. पुढे मालकांनी तो जुना मेम्ब्रेन टेक्निशियनच्या बॅगेतून मागवून दुकानातल्या स्टँडवर लावला, तर ९२ टक्के आला.

काकांनी पैसे परत मागितले. ऑफिसमधून उत्तर गेलं: “सरांना विचारून सांगते.” नऊ दिवस कुणाचाही फोन गेला नाही. दहाव्या दिवशी काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर सगळं तारीखवार लिहिलं, सोबत दोन्ही बिलांचे फोटो. त्या सोसायटीत ३४ एएमसी होत्या, त्यातल्या ११ पुढच्या सहा महिन्यांत बंद झाल्या. चुकीचा पार्ट हा एक दोष, पण ग्रुपवर मजकूर जाण्याचं कारण ते नऊ दिवस होते. “पैसे उद्या देतो” एवढा फोन दुसऱ्या दिवशी गेला असता तर बहुधा प्रकरण तिथेच मिटलं असतं.

एका महिन्याचे कॉल

या धंद्यात टेक्निशियनच्या प्रत्येक घरभेटीला कॉल म्हणतात. महिन्याचे कॉल ७०० होते: ४५० ठरलेल्या सर्व्हिसचे, ५० नवी मशीन बसवण्याचे आणि २०० तक्रारींचे. चार टेक्निशियन, २५ दिवस, दिवसाला ७ कॉल, म्हणजे क्षमताही बरोबर ७००. एक माणूस आजारी पडला की सगळ्यांच्या वेळा कोलमडणार, हे त्या गणितातच होतं.

मग तक्रारींचे २०० कॉल वेगळे काढले आणि आधीच्या भेटीनंतर १५ दिवसांत त्याच घरातून पुन्हा आलेले मोजले. ते ९० निघाले. जवळपास निम्म्या तक्रारी आपल्याच आधीच्या भेटीतून जन्मलेल्या होत्या. त्यांची फोड अशी:

जोडातून गळती २७. पाव इंची पाइप ब्लेडने तिरका कापला की एल्बोच्या, म्हणजे कोपऱ्यातल्या जोडाच्या, आत रबरी ओ-रिंगवर नीट बसत नाही. टेक्निशियन असेपर्यंत थेंब दिसत नाही, टाकी भरून दाब वाढला की रात्री ओट्यावर पाणी.

पार्ट बॅगेत नाही म्हणून अर्धवट सोडलेले २४. “उद्या घेऊन येतो” म्हणून निघाला, आणि उद्याच्या यादीत ते घर कुणी टाकलंच नाही.

फिल्टर बदलल्यावर काळपट पाणी किंवा विचित्र चव २१. नव्या कार्बनमधून सुरुवातीला बारीक काळी पूड येतेच, ती अपायकारक नाही. पण सांगितलं नाही तर घरातला माणूस घाबरणारच, आणि त्याने घाबरावंच.

दोषच सापडला नाही किंवा चुकीचा धरला १८.

पर्याय

पुढे काय करायचं यावर मालकांसमोर चार रस्ते होते. त्यांनी प्रत्येकाचा हिशोब कागदावर मांडला, आणि निर्णय चांगला होण्यामागे हेच मुख्य कारण आहे असं वाटतं.

पहिला, एएमसीच्या दरात वीस टक्के सवलत. ४४ लाख ४० हजारांवर वीस टक्के म्हणजे ८ लाख ८८ हजार. बोललेल्या ४४ जणांपैकी फक्त चौघांनी दराचं नाव काढलं होतं. एवढे पैसे घालवून उरलेल्या चाळीस जणांचं कारण तसंच राहिलं असतं.

दुसरा, पाचवा टेक्निशियन. पगार आणि पेट्रोल मिळून महिन्याला २२ हजार, वर्षाला २ लाख ६४ हजार. वेळ पाळण्याचा प्रश्न यातून थोडा सुटला असता. पण पुन्हा येणारे ९० कॉल निम्म्यावर आणले तर ४५ कॉल वाचतात, म्हणजे एका माणसाचे साडेसहा दिवस, पाव टेक्निशियन, तोही विनाखर्च. आधी ते करून पाहावं असं ठरलं.

तिसरा, सर्व्हिसचं सॉफ्टवेअर. विक्रेत्याने लोकेशन, ओटीपी, आपोआप जाणारे मेसेज असं सगळं दाखवलं. ते नंतरसाठी ठेवलं. ज्या ऑफिसात ‘उद्या घेऊन येतो’ची नोंद वहीतही होत नाही, तिथे ती ॲपमध्येही होणार नाही.

चौथा, टेक्निशियनची दहा टक्के बंद करायची आणि कामाची पद्धत बदलायची. हाच सर्वात अवघड, कारण चौघांचं घर त्यावर चालत होतं. सरासरी चार हजार, एकाला सहा हजारांच्या वर. मालकांना मोह होता की दहा टक्के राहू द्यावे आणि फक्त ताकीद द्यावी. पण १,९०० च्या मेम्ब्रेनवर १९० रुपये आणि १२० च्या स्पनवर १२ रुपये मिळत असताना, दिवसाच्या शेवटच्या घरी थकलेल्या माणसाचा हात कुठे जाईल हे ताकिदीने बदलत नाही. शेवटी चौथाच निवडला, आणि तो पूर्ण निवडला.

काय केलं

मोबदला. दहा टक्के बंद. त्याऐवजी पगारात दरमहा २,००० ची वाढ आणि ज्या घरातून १५ दिवसांत पुन्हा तक्रार आली नाही अशा प्रत्येक कॉलला १५ रुपये. महिन्याला एकेकाचे १७५ कॉल, त्यातले दीडशे स्वच्छ गेले तर २,२५० रुपये. दोन्ही मिळून जुन्या सरासरीच्या थोडं वरच. सहा हजारवाल्याला मात्र तोटाच होता, आणि त्याला तो तोंडावर स्पष्ट सांगितला गेला.

पाच मोजमापं. कुठलाही पार्ट बदलण्याआधी पाच आकडे कार्डावर लिहायचे: येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, गाळलेल्या पाण्याचा टीडीएस, पंपाचा दाब, एका मिनिटात गाळलेलं पाणी आणि एका मिनिटात बाहेर जाणारं वाया पाणी. ७५ जीपीडीच्या, म्हणजे दिवसाला ७५ गॅलन पाणी देणाऱ्या, मेम्ब्रेनमधून आदर्श स्थितीत मिनिटाला सुमारे २०० मिली येतं. पाणी २५ अंशांपेक्षा गार असेल तर दर अंशाला साधारण तीन टक्के घट धरायची, म्हणून डिसेंबर-जानेवारीत १६०-१७० मिली आलं तर घाबरायचं कारण नाही. क्रम ठरलेला: आधी स्पन आणि पाणी आत येण्याचा कॉक, मग पंपाचा दाब, मग एफआर (वाया पाण्याचा प्रवाह आवरणारा फ्लो रिस्ट्रिक्टर), शेवटी मेम्ब्रेन. अडवण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांखाली गेलं असेल, किंवा बाकी सगळं ठीक असून प्रवाह मरतुकडा असेल, तरच मेम्ब्रेनला हात लावायचा. आणि दोन्ही टीडीएस ग्राहकाच्या डोळ्यांसमोर मोजायचे, मीटर त्यांच्या हातात देऊन.

या शेवटच्या गोष्टीचा परिणाम सगळ्यात जास्त झाला. मीटर काही शे रुपयांचा. काकूंच्या हातात तो असतो आणि त्या स्वतः आकडा वाचतात, तेव्हा “पार्ट खरंच गेलाय का?” हा प्रश्न उरत नाही.

गळती. ब्लेड जमा करून प्रत्येकाला पाइप कटर दिला. जोड बसवल्यावर पाइप ओढून पाहायचा, मग जोडांना टिश्यू पेपर गुंडाळायचा आणि दहा मिनिटं मशीन चालवायचं. कागद ओला झाला नाही तरच झाकण लावायचं. त्या दहा मिनिटांत कार्ड भरून होतं.

कार्बन. नवा कार्बन मशीनला जोडण्याआधी बादलीत पाणी सोडून धुवायचा, पाणी नितळ येईपर्यंत. तरी पहिली टाकी ओतून द्या, भांडी-झाडांना वापरा, असं तोंडी सांगायचं आणि कार्डावरही लिहायचं.

बॅग. मेम्ब्रेन १, पंप १, अडॅप्टर १, सोलेनॉइड १, फ्लोट १, ४५० चे एफआर २, एल्बो १०, नळ १, स्पन ८, कार्बनचे संच ४. बॅग सकाळी न भरता संध्याकाळी भरायची, कारण सकाळी सगळ्यांना निघायची घाई असते आणि उणीव दुसऱ्याच्या दारात कळते. तरीही पार्ट नसलाच तर टेक्निशियनने त्या घरातूनच ऑफिसला फोन लावायचा, दुसऱ्या दिवसाची वेळ तिथेच ठरवायची.

वेळ. “आज येतील” हे वाक्य बंद. दोन तासांची वेळ द्यायची आणि सातपैकी पाचच कॉल आदल्या दिवशी बांधायचे, दोन जागा तातडीसाठी मोकळ्या. भाग रस्त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा असा वाटला, कारण नगर रस्ता संध्याकाळी ओलांडण्यातच अर्धा-पाऊण तास जातो. उशीर होणार असेल तर दिलेली वेळ संपायच्या आधी ऑफिसने फोन करायचा. तो फोन काय बोलायचा हेही ठरलं: “काकू, साडेअकराला येणारे दादा मागच्या घरी अडकलेत, एक वाजेल. चालेल का, की उद्या सकाळी पहिला नंबर लावू?” माफीची लांबण नको. नवी वेळ आणि दुसरा पर्याय, एवढं पुरतं.

पैसे परत. ऑफिसमधल्या दोघींना ५०० रुपयांपर्यंत कुणालाही न विचारता सूट किंवा परतावा देण्याचा अधिकार मिळाला. त्यावरची रक्कम असेल तर मालकांनी त्याच दिवशी निर्णय द्यायचा. मालकांना भीती होती की अधिकार सैल हाताने वापरला जाईल. पहिल्या सहा महिन्यांत एकूण परतावा सात हजारांच्या आत राहिला. चौथ्या मजल्यावरच्या काकांचे १,९०० मालकांनी स्वतः जाऊन दिले आणि ग्रुपवर काही लिहा असं मुद्दाम सुचवलं नाही, हेही योग्य केलं.

कमी विकणं. भामा आसखेडचं पाणी सुरू झालेल्या सोसायट्यांत येणारा टीडीएस १५० च्या आत होता. अशा पाण्यावर आरओ लावला की गाळलेलं पाणी १०-१५ टीडीएसचं, बेचव होतं, आणि एक लिटर मिळवायला साधारण तीन लिटर वाया जातं. अशा साठेक घरांना सांगितलं की तुम्हाला यूव्ही-यूएफ मशीन (क्षार न काढता फक्त जंतू आणि गाळ काढणारं) पुरेल, आणि त्याची एएमसी १,२०० ला दिली. प्रत्येक घरामागे उत्पन्न घटलं. यावर ऑफिसात बराच वाद झाला. पण पुढे याच घरांतून शेजारपाजारच्या चौकश्या सर्वाधिक आल्या.

निकाल

पहिले तीन महिने वाईट गेले. बदल एप्रिलमध्ये सुरू केला आणि एप्रिल-मे म्हणजे टँकरचा मोसम, तक्रारी दीडपट. सहा हजारवाला टेक्निशियन मे महिन्यात सोडून गेला. त्याचा मोबाइल नंबर बऱ्याच घरांत होता, चाळीसेक ग्राहक त्याच्या मागे गेले. पार्टची विक्री महिन्याला १ लाख ६० हजारांवरून १ लाख ५ हजारांवर आली. तोटा पहिल्याच महिन्यापासून दिसत होता आणि फायदा मात्र मुदती संपतील तसाच दिसणार होता. ऑगस्टमध्ये मालक दहा टक्क्यांकडे परत जाण्याच्या अगदी काठावर होते. त्यांना थांबवलं ते पुन्हा येणाऱ्या कॉलच्या आकड्याने: जुलैत तो ५८ वर आला होता.

वर्षाअखेर तो ४१ होता. नूतनीकरण ५८ वरून ७१ टक्क्यांवर गेलं. १,८०० वर तेरा टक्के म्हणजे २३४ घरं, एएमसीचं उत्पन्न पावणेसहा लाखांच्या आसपास वाढलं. त्यातून फिल्टर आणि मजुरी वजा जाता, आणि पार्टवरचा गेलेला नफा वजा जाता, पहिल्या वर्षी हाती फार उरलं नाही. दुसऱ्या वर्षी नव्या ग्राहकांसाठीचे स्टॉल निम्म्यावर आणता आले, तेव्हा फरक जाणवला.

मध्ये दोन नव्या खोड्या निघाल्या. पहिली: १५ रुपये जाऊ नयेत म्हणून टेक्निशियन ग्राहकाला स्वतःचा नंबर देऊन “काही झालं तर मलाच फोन करा” म्हणू लागले, आणि पुन्हा जायचं झालं तर नोंदच करेनात. म्हणून दर तिसऱ्या घराला दोन दिवसांनी ऑफिसमधून फोन सुरू झाला: “मशीन ठीक चाललंय ना? आमचं कुणी नंतर येऊन गेलं का?” दुसरी: फुल एएमसीच्या घरी पैसे ग्राहकाचे नसतात, म्हणून कटकट नको या विचाराने चांगले पार्टही बदलले जाऊ लागले. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक जुना पार्ट चिठ्ठी लावून परत आणायचा, चिठ्ठीवर घर, तारीख आणि दोन्ही टीडीएस. आठवड्यातून एकदा मालक त्यातले दोन-तीन मेम्ब्रेन स्टँडवर लावून पाहतात. मोबदल्याची कोणतीही पद्धत बदलली की माणसं तिच्याभोवती नवी वाट काढतात. ते गृहीत धरूनच पहिल्या दिवसापासून तपासणी ठेवायला हवी होती.

काय वेगळं करता आलं असतं

मुहूर्त चुकला. हाच बदल सप्टेंबरात सुरू केला असता तर कमी तक्रारींच्या सहा महिन्यांत टेक्निशियनचा हात बसला असता आणि टँकरचा मोसम नव्या सवयीनिशी पार पडला असता.

सोडून गेलेल्या टेक्निशियनशी आधी वेगळं बोलायला हवं होतं. तो सगळ्यात अनुभवी होता. त्याला नव्या मुलांचं शिक्षण आणि जुन्या पार्टची तपासणी सोपवून वेगळा पगार दिला असता तर तो कदाचित राहिला असता. नोटीस सगळ्यांना एकाच बैठकीत वाचून दाखवली, तिथे त्याचा अपमान झाला असं त्याला वाटलं. ग्राहकांशी बोलण्याची रीत इतक्या बारकाईने ठरवणाऱ्यांनी आपल्या माणसाशी बोलायची रीत मात्र ठरवली नव्हती.

ग्राहकांशी संपर्काचा नंबर सुरुवातीपासून एकच, ऑफिसचा, असायला हवा होता. आता तो कार्डावर आणि मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो.

नव्या मशीनच्या वॉरंटीचं पहिलं वर्ष दुर्लक्षित राहिलं. त्या वर्षात काही बिघडत नाही, म्हणून कुणी जात नाही, आणि बाराव्या महिन्यात एकदम पैसे भरण्याचा मेसेज जातो. आकडे वेगळे काढल्यावर दिसलं की सगळ्यात कमी नूतनीकरण याच गटात आहे. आता सहाव्या महिन्यात एक मोफत भेट असते: टाकी धुणं, दोन्ही टीडीएस मोजणं, स्पन दाखवणं. नूतनीकरणाचं बोलणंही मुदतीच्या दिवशी मेसेजने न करता तिसऱ्या सर्व्हिसच्या वेळी, वर्षभराचं कार्ड समोर ठेवून होतं.

फुल एएमसीचा दर मात्र अजून सुटलेला नाही. १२० टीडीएसच्या घरी मेम्ब्रेन तीन-चार वर्षं सहज टिकतो, १,१०० च्या घरी कधी वर्षभरातच निकामी होतो, आणि दर दोघांना ४,२०० च. टँकरवरच्या सोसायट्यांत फुल एएमसी तोट्यात आहे. पाण्याच्या टीडीएसनुसार दोन दर ठेवावेत असा विचार चालू आहे, पण ज्यांना मुळात वाईट पाणी मिळतं त्यांनाच जास्त पैसे लावायचे हे ऑफिसमधल्या दोघींना पटत नाही. दुसरी सूचना अशी आहे की अशा सोसायटीत मशीनच्या आधी दहा इंची मोठा स्पन बसवून द्यावा, तो दर दोन महिन्यांनी बदलावा, आणि दर तोच ठेवावा. क्षारांवर त्याचा उपयोग नाही, पण गाळ मशीनपर्यंत पोचत नाही. काकांच्या सोसायटीत सध्या २३ एएमसी आहेत. हा प्रयोग तिथेच येत्या मार्चपासून करायचं ठरलं आहे.